चिंचेने घासलेली बोरॉनची पट्टी

मी बोरॉनची एक पट्टी बोलतेय. जरा तोंड लपवूनच बोलते, कारण माझ्याकडे कुणी निरखून बघावं असं माझं रूप आता राहिलेलं नाही.

माझी घडण साधी. पोटात बोरॉनची भुकटी आणि दोन्ही अंगांनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. आकार तळहाताएवढा, टांगण्यासाठी वर एक भोक. अणुवीज केंद्रात वापरून झालेलं इंधन पाण्याच्या खोल हौदात वर्षानुवर्षं ठेवतात. वरून ते विझलेलं दिसतं, पण त्यातून न्यूट्रॉन नावाचे कण निघतच असतात. इंधनाच्या दोन जुडग्यांच्या मध्ये माझ्या थोरल्या बहिणी उभ्या राहतात आणि ते कण गिळून टाकतात, म्हणजे तिथं पुन्हा काही पेटत नाही. पाण्यात उभं राहायचं आणि गंजायचं नाही, एवढंच आमच्या खानदानाचं काम. तेवढंही मला जमलं नाही.

मी हौदात कधी गेलेच नाही. आमच्या जातीचा पत्रा पाण्यात किती टिकतो ते आधी बघायचं होतं, म्हणून नमुना म्हणून मला केजजवळच्या एका कॉलेजात धाडलं. तिथं मनिषा मॅडमनी मला हाती घेतलं. मॅडम नेकनूरकडच्या, ऊसतोड करणाऱ्यांच्या घरातल्या. त्यांनी मला काचेच्या भांड्यात, शुद्ध केलेल्या कोमट पाण्यात टांगलं आणि वर झाकण ठेवलं. पाणी कमी झालं की तसलंच पाणी घालायचं काम रोजंदारीवरच्या हनुमानकडे होतं.

दिवस जाऊ लागले तशी माझ्या अंगावर राखाडी झाक आली. बघणाऱ्याला वाटावं, पोर पार काळवंडली! पण तेच माझं पांघरूण होतं. दुधावर साय यावी तसा ॲल्युमिनियमवर हा थर धरतो आणि मग पाण्याला आत शिरता येत नाही. मॅडम मला बघायच्या आणि खूश व्हायच्या.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कॉलेजातल्या यंत्रांनाही हळदीकुंकू लावतात. मॅडमची आई, भिवराबाई, लेकीचा निरोप घ्यायला आल्या होत्या. दसरा झाला की त्यांची टोळी कारखान्याला निघणार होती. घरचा कोयता पुजून, केजच्या बाजारातून फडावर लागणारी चिंच, मीठ, मिरची घेऊन त्या तशाच इकडं आल्या.

"मने, आमचा कोयता पुजला. तुजा कोयता कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी हसून माझ्याकडे बोट दाखवलं. "ही बघ, माय. माजं समदं हिच्यावरच हाय."

तेवढ्यात प्राचार्यांचं बोलावणं आलं आणि मॅडम गेल्या. भिवराबाईंनी झाकण काढून मला बाहेर घेतलं.

"आगं बया, किती काळी केलीया! आशी पुजत्यात व्हय?"

पिशवीतली चिंच निघाली, खडेमीठ निघालं आणि त्यांनी मला देवघरातल्या तांब्यासारखं खसाखसा घासलं. माझं पांघरूण उतरलं. खळबळून घ्यायला नळाला पाणी नव्हतं, म्हणून पदराला पुसून त्यांनी मला परत भांड्यात सोडलं. झाकणावर हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "माज्या लेकीला यश दे गं बाई."

खरं सांगू? मला फार बरं वाटलं. माझ्यापुढं कुणी हात जोडावेत, ही माझी पहिलीच वेळ. अंग उघडं पडलंय, सोबत मीठ पाण्यात आलंय, हे समजत असूनही मी चकाकत बसले. आता त्या सुखाचीच जास्त लाज वाटते.

भिवराबाई लेकीला यातलं काही बोलल्या नाहीत. भांडं घासलं, ही काय सांगायची गोष्ट असते? मॅडमनीही घाईत झाकणावरचं कुंकू तेवढं बघितलं, हसल्या आणि सुट्टीला गेल्या.

दिवाळीनंतर मॅडमनी मला बाहेर काढलं. मिठानं माझी कातडी बारीक बारीक टोचून खाल्ली होती. त्या भोकांतून पाणी पोटात गेलं, आत वायू धरला आणि माझ्या अंगावर टरटरून फोड आले. हौदात एखादी बहीण अशी फुगली, तर इंधनाचा जुडगा जागीच अडकून बसायचा. म्हणून माझ्या फोडांवरून आमच्या अख्ख्या जातीला नापास करायची वेळ आली.

विभागप्रमुख मोहनरावांनी पाणी तपासून घेतलं. त्यात मीठ निघालं.

"हनुमाननं बोअरचं पाणी ओतलं, दुसरं काय! उद्यापासून येऊ नको म्हणा त्याला."

"न्हाई वो सर," हनुमान हात जोडून म्हणाला. "शिशीतलंच पानी घातलंय. कावून मी आसं करीन? घरी लेकरं हायत माजी."

तेच जोडलेले हात, पण या खेपेला मला बघवेनात. मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडले असते.

मॅडम भांडं रिकामं करायला बसल्या. तळाशी चिंचेची एक शीर होती. त्यांनी ती बोटावर घेतली, झाकणावरच्या कुंकवाकडे बघितलं आणि खुर्चीत बसून राहिल्या. शीर बेसिनमध्ये सोडली असती तर कुणाला काही कळलं नसतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

अणुवीज केंद्राचे साहेब निकाल बघायला आले तेव्हा मॅडमनी ती शीर माझ्याशेजारी टेबलावर ठेवली.

"यात हनुमानची चूक नाही. माझ्या आईनं हिला चिंचमिठानं घासलं. मी तिला भांड्यापाशी एकटं सोडून गेले होते."

"आईनं? प्रयोगशाळेत?" कुणीतरी विचारलं. कुणाला तरी हसू आवरेना. मॅडमचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही. मान खाली घालायला मी होतेच.

हनुमानचं काम राहिलं. आमच्या जातीवरचा डागही पुसला गेला, मी एकटीच बाद झाले. चाचणी मात्र मॅडमच्या हातून गेली, ती आता दुसऱ्या गावच्या कॉलेजात चालते. मॅडमनी मला मागून घेतलं.

परवा त्यांनी मला टेबलावरून उचललं होतं, तेवढ्यात आईचा फोन आला. मागं ऊस तुटल्याचा आवाज येत होता.

"मने, ती पट्टी कशी हाय गं? मी घासली व्हती की, लई लख्ख निघाली व्हती. ऱ्हायली का तशीच?"

मॅडमचा अंगठा माझ्या फोडांवरून फिरत होता.

"लई चकाकती, माय," त्या म्हणाल्या. "सायब लोक बघतच ऱ्हायले."

पलीकडं भिवराबाई हसल्या. साहेबांपुढं खरं बोललेली लेक आईशी खोटं बोलली, आणि तेही माझ्यापायी! लाजेनं माणूस मरत नाही म्हणतात, पट्टीही मरत नाही.

वाचकहो, तुमच्या वाटेत कुठं ऊसतोड चालू असेल, आणि फडातली एखादी बाई हातातला कोयता थांबवून "माजी लेक कालिजात शिकवती" असं सांगू लागली, तर एवढं करा. तिला म्हणा, पट्टी पाहिली, लख्ख आहे.