माझ्या पोटातले निळे दाणे

मी एक जुनी मातीची कुंडी आहे, आणि तीही पालथी. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे. त्या भगदाडातून गोगलगायी माझ्या पोटात ये-जा करतात. त्यासाठीच मला इथं उपडं घातलंय. मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही. गोड ऐकायची असेल तर शेजारच्या झिलईदार कुंडीकडे जा. तिला आपल्या रंगापलीकडे काही दिसत नाही.

मला घडवणाऱ्या कुंभाराच्या अंगठ्याची खूण अजून माझ्या अंगावर आहे. भट्टीतून निघाले तेव्हा टिचकी मारली की मी खणखणीत वाजायचे. इंग्लंडातल्या श्रॉपशर भागात, एका खेड्यात, मॉड नावाच्या बाईंनी मला आणलं आणि माझ्यात होस्टा लावला. होस्टा फुलांसाठी लावत नाहीत, पानांसाठी लावतात. ताटाएवढी रुंद, निळसर पानं. लोक फाटकाशी थांबून बघत राहायचे. वाहवा पानांची व्हायची. भार मी पेलायचे.

मग एका हिवाळ्यात माझ्यातलं पाणी गोठलं आणि काठ फुटला. झाड झिलईवालीकडे गेलं. मला त्याच्याच शेजारी पालथं घातलं गेलं.

गोगलगायींना होस्टाची पानं फार आवडतात. शंखवाल्या असोत की बिनशंखाच्या, रात्री चरतात आणि उजाडलं की ओल्या अंधारात दडतात. तो अंधार म्हणजे मी. मॉड रोज सकाळी मला उचलायची, आत चिकटलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकायची आणि मला परत ठेवायची. एवढंच काम. कंटाळवाणं आणि चिकट. पण पानाला भोक नसायचं.

या जानेवारीत मॉड गेली. तिची धाकटी बहीण हेस्टर या घरात राहायला आली. ऑगस्टमध्ये गावात झाडाफुलांचं प्रदर्शन असतं. मॉडचा होस्टा त्या टेबलावर ठेवायचा, आणि खाली मॉडच्या नावाची चिठ्ठी लावायची, एवढीच हेस्टरची इच्छा होती. पण तिथले परीक्षक पान उजेडाला धरून बघतात. एक भोक दिसलं की झाड बाद.

हेस्टर मनाची मऊ. मिठाच्या बादलीकडे तिचा हात जाईना. मग तिनं तेच केलं जे तिथलं अर्धं गाव करतं. मला उचललं, इकडेतिकडे बघितलं आणि गोगलगायी भिंतीपलीकडे, सिरिलच्या बागेत भिरकावल्या.

सिरिल निवृत्त पोस्टमन. त्याचा जीव डेलियाच्या फुलांवर. त्याला कळत नव्हतं असं समजू नका. तोही आपल्याकडच्या गोगलगायी ऊन तापल्यावर भिरकावायचा, इकडे. आणि दुपारी दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभी राहून हवेबद्दल बोलायची. तुझे डेलिया काय सुरेख आलेत. तुझा होस्टा तर राजाच. तोंडात साखर, नखात गोगलगायीचा चिकटा. मला त्या गोडव्याची किळस यायची.

एकदा पलीकडून आलेल्या एका गोगलगायीच्या शंखावर लाल ठिपका होता, नखांना लावायच्या रंगाचा. दुसऱ्या दिवशी हेस्टरनं ती न बघताच परत फेकली. पुढच्या आठवड्यात तीच माझ्या पोटात हजर. गोगलगाय आपली जागा विसरत नाही. हे मला कळत होतं. सांगणार कुणाला?

प्रदर्शन शनिवारी होतं. त्या आठवड्यात पाऊस थांबेना. गुरुवारी सकाळी होस्टाच्या अगदी बाहेरच्या पानापर्यंत गोगलगायीची चकाकती रेघ गेलेली दिसली. पान अजून शाबूत होतं. हेस्टर पांढरी पडली. ती अवजारांच्या खोपटात गेली आणि एक गंजका डबा घेऊन आली. त्यात निळे दाणे होते. कोंड्यात कालवलेलं विष. सरकारनं त्यावर बंदी घातली, तेव्हा मॉडनं तो डबा फळीवर मागे ढकलून दिला होता. फेकला मात्र नव्हता. ही मॉडची चूक, आणि मॉड माझी लाडकी असली तरी मी ती झाकणार नाही.

हेस्टरनं मूठभर दाणे जमिनीवर टाकले आणि वर मला ठेवलं. कुंडीखाली आहेत, म्हणजे कुणाच्या तोंडी लागणार नाहीत, असा तिचा हिशेब. माझं भगदाड ती विसरली. हातानं मारवत नव्हतं, म्हणून डब्यानं मारायला निघाली. याला मऊपणा म्हणतात?

सिरिलचा एक म्हातारा तपकिरी कुत्रा आहे, मस्टर्ड. दुपारी ऊन पडलं की तो फाटकाखालून यायचा आणि माझ्या तापलेल्या अंगाला पाठ लावून झोपायचा. फुटल्यानंतर मला जवळ करणारा तोच एक. त्या दुपारी पाऊस उघडला आणि तो आला. पण झोपला नाही. त्यानं वास घेतला. कोंड्याचा वास कुत्र्यांना ओढतो. भगदाडात नाक घातलं. मी जमिनीला घट्ट धरून बसायला हवं होतं, पण मातीला हात नसतात. त्यानं मला कलंडवलं आणि निळे दाणे चाटूनपुसून खाल्ले. मग शेपूट हलवून माझ्याशेजारी बसला.

थोड्या वेळानं त्याचा जबडा थरथरू लागला. मग पाय. मग तो आडवा झाला आणि त्याचं सगळं अंग झटके देऊ लागलं.

त्याची नखं माझ्यावर घासत होती. तो आवाज ऐकून सिरिल भिंतीवरून वाकला आणि धावत फाटकातून आला. हेस्टर दारात उभी होती, हातात चहाचा कप.

"काय खाल्लं यानं?" सिरिल गुडघ्यांवर बसून विचारत होता. "हेस्टर, इथं काय होतं?"

"मला... मला नाही माहीत."

मित्रांनो, मी आडवी पडले होते, उघडी. माझ्या काठाला एक निळा दाणा चिकटलेला होता. सिरिलचे डोळे कुत्र्यावर होते. हेस्टरचे माझ्यावर. बंदी आलेलं विष, शेजाऱ्याचा कुत्रा, शनिवारचं टेबल, मॉडचं नाव. मस्टर्डच्या तोंडाला फेस येत होता. जनावरांच्या डॉक्टरला विषाचं नाव कळलं नसतं, तर ते शोधण्यातच मस्टर्डचा जीव गेला असता.

कप खाली पडला. "गोगलगायी मारायचे दाणे," ती म्हणाली. "जुने, बंदीतले. मी टाकलेत. डबा आणते, तू त्याला उचल. गाडी मी काढते."

सिरिलनं तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हा हिला मारतो. त्यानं कुत्रा उचलला.

त्या रात्री दोन्ही घरांत दिवा लागला नाही. पाऊस पुन्हा लागला. दोन्ही बागांतल्या गोगलगायींनी होस्टाची चाळण केली.

शुक्रवारी दोघं दवाखान्यातून परत आली. मस्टर्ड जगला होता. सिरिल माझ्यापाशी आला, मला सरळ करायला वाकला, आणि त्याला लाल ठिपक्याची गोगलगाय दिसली. त्यानं ती तळहातावर घेतली.

"ही माझी," तो म्हणाला. "म्हणजे तुझी. माझ्या मुलीच्या नखांचा रंग लावून मीच फेकली होती तुझ्याकडे. परत येते का बघायला."

"मी चारदा तरी फेकली असेल हिला," हेस्टर म्हणाली.

"म्हणजे आपण दोघं हिला फुकट प्रवास घडवत होतो. पोस्टात असतो तर नोकरी गेली असती माझी."

हेस्टर हसली नाही. तिनं मिठाची बादली आणली आणि पहिली गोगलगाय स्वतःच्या हातानं आत टाकली. शनिवारी ती चाळण झालेला होस्टा घेऊनच गेली, मॉडच्या नावाच्या चिठ्ठीसकट. परीक्षक थांबलासुद्धा नाही म्हणे.

आता ती रोज सकाळी मला उचलते. म्हणून सांगते, मित्रांनो, बाग राखायची असेल तर वाका, उचला, हात घाण करा. आपली कटकट शेजाऱ्याच्या अंगणात टाकू नका आणि तिला विषाच्या डब्यावर सोपवू नका. आणि असला डबा घरात असेल तर तो फळीवर मागे ढकलून ठेवू नका. असला घातक कचरा जिथं जमा करतात तिथं आजच द्या.

मस्टर्ड अजून येतो. ऊन पडतं, मी तापते. पण तो माझ्याजवळ येत नाही. लांबून वळसा घालतो आणि थंड फरशीवर जाऊन झोपतो. माझ्या पोटात आता काही नाही रे. हे त्याला कुणीतरी सांगा.