आर्मासची लाल रेघ

आम्हा फिन लोकांत मानतात, की घरात ज्यानं पहिला विस्तव पेटवला, तो मेल्यावर त्या घराचा राखणदार होतो. हॅनकॉक गावातल्या त्याच्या घरात, तळघरातली घर ऊबदार ठेवणारी भट्टी पहिल्यांदा माझ्या भावानं, आर्मासनं पेटवली. पेटवली आणि लगेच तिच्याभोवती हातभर नव्हे, चांगली तीन फुटांवर लाल रेघ मारली. आत काही म्हणजे काही ठेवायचं नाही. बजावणं भागच होतं. त्याची बायको लेम्पी चिंध्यांचे गालिचे विणते, आणि तिच्या गाठोड्यांना घर पुरत नाही.

आर्मास गेला. थंडी पडताच गाठोडी रेघेच्या आत आली. मी कॉफीला जायची, ते बघायची आणि माझं डोकं फिरायचं. भट्टीला मोकळी जागा लागते, एक ठिणगी पडली तर जिवंत जळशील, असं मी तिला फाडफाड बोलायची. ती नुसती हसायची. पुढच्या खेपेला मात्र गाठोडी रेघेबाहेर नीट रचलेली असायची. मला वाटलं, ऐकते बिचारी.

मग एकदा गाठोडी आत पाहून मी रागानं वर आले. लेम्पीनं कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला. ती माझ्यासमोरून हललीसुद्धा नाही. दोघी परत खाली गेलो, तर सगळी गाठोडी रेघेबाहेर. मी दोन पायऱ्या उलट्या चढले.

"घाबरू नका, वन्सं," ती म्हणाली. "मीच मुद्दाम आत ठेवते. तो बाहेर काढतो. दुसरं काय उरलंय त्याचं माझ्याकडे?"

"आणि एखाद्या दिवशी नाही काढलं तर?"

तिनं एक गाठोडं उचललं आणि पुन्हा रेघेच्या आत ठेवलं.

जानेवारीत एका सकाळी तिनं फोन उचलला नाही. मी बर्फ तुडवत गेले. तळघरात करपल्याचा वास होता. लेम्पी जिन्याशी खुर्चीत बसली होती, शालीची कड जळून काळी झालेली. भट्टीपासून जिन्यापर्यंत खुर्ची ओढल्याचे दोन पांढरे ओरखडे उठले होते. आर्मासजवळ बसावं म्हणून ती स्वतःच रेघेच्या आत जाऊन बसली होती, आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला होता.

मी तिला घट्ट धरलं. मला रडूच फुटलं. "वाचवलं गं त्यानं तुला."

"मला हात नाही लावला त्यानं, वन्सं," ती म्हणाली. "शाल पेटली तेव्हाच मी जागी झाले होते. डोळे मिटूनच वाट बघत होते. त्यानं नुसती खुर्ची ओढली."