दोन हात डावीकडे

बसगाड्यांवर जागा दाखवणारी नवी यंत्रं बसवून भाची ऑफिसात आली, तेव्हा डेपोचे मालक असलेले तिचे मामा ड्रायव्हरांना फैलावर घेत होते. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक बस आपल्या पार्किंगच्या पट्ट्याच्या दोन हात डावीकडे दिसत होती.

“यंत्र बोटभरही चुकत नाही. म्हणजे तुम्हीच वाकड्या लावता!”

भाचीने खिडकीतून पाहिलं. बस तर पट्ट्यांत नीट उभ्या होत्या! एखादी चुकली तर समजू, पण सगळ्या सारख्याच? तिचं कुतूहल चाळवलं. ही यंत्रं उपग्रहांचं ऐकतात, पण शेवटचा हिशेब गच्चीवरच्या अँटेनाला विचारून करतात. तीच हलली, तर पडद्यावर गाड्या उलट्या बाजूला सरकतात.

“मामा, गच्चीवर कोण गेलं होतं?”

“मीच. कपड्यांच्या दोरीला तो अँटेनाचा खांब आडवा येत होता. जरासा उजवीकडे घेतला.”

“जरासा म्हणजे?”

मामांनी हात पसरून दाखवले आणि ते तसेच हवेत राहिले. ड्रायव्हर गालातल्या गालात हसले.

मामांनी गच्चीवर जाऊन खांब परत डावीकडे घेतला. “सरकल्या का गं?”

“आल्या जागेवर! या खाली.”

मामा येईनात. पडद्यावर साऱ्या बस हळूहळू उजवीकडे निघाल्या.

“आणि आता?” वरून खुशीत हाक आली.