डॅडींच्या रिव्हॉल्वरची चमक

माझ्या धाकट्या बहिणीच्या, जनेलच्या, नवऱ्याला, म्हणजे रॉइसला, जुना कॉम्प्रेसर मिळाला आणि आमच्या हॅचेट क्रीक गावातल्या एकाही धातूच्या वस्तूची खैर राहिली नाही. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते खोटं नाही. माकड निदान व्हिडिओ बघून स्वतःला तज्ज्ञ तरी म्हणवत नाही.

रॉइस तालुक्याच्या गावी गाद्या विकतो. त्यात काही वाईट नाही, माणसांना झोपायला गाद्या लागतातच. पण गाद्या विकणाऱ्याला संध्याकाळी वेळ फार, आणि हाताशी गॅरेज. तिथे त्याने एक पत्र्याची पेटी आणून ठेवली. पेटीला समोर काचेची खिडकी आणि खाली दोन भोकांना जोडलेले कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. वस्तू आत ठेवायची, हातमोज्यांत हात घालायचे, पायाने खटका दाबायचा, की हवेच्या जोराने काचेचे रव्यासारखे बारीक मणी त्या वस्तूवर आदळतात. गंज जातो, रंग जातो, चमक जाते. रॉइसच्या मते वस्तू 'नवी' होते.

पहिल्यांदा शेजारच्या कुळवाची पाती नवी झाली. मग फाटकाच्या बिजागऱ्या. मग आमच्या जनेलची बिडाची कढई, जी आईकडून तिला मिळाली होती आणि जिच्यात दोन पिढ्यांच्या चरबीने धरलेला काळा थर होता. तो थर गेल्यावर कढईला सगळं चिकटायला लागलं. जनेल दोन दिवस रडली. रॉइस म्हणाला, "कढई स्वच्छ झाली म्हणून कुणी रडतं का?"

मग त्याची नजर रिव्हॉल्वरांकडे वळली. कुठल्याशा व्हिडिओत दाढीवाल्या इसमाने सांगितलं होतं, की चकचकीत स्टेनलेस स्टीलचं रिव्हॉल्वर उन्हात चमकतं आणि शत्रूला तुमचा ठावठिकाणा कळतो. आता रॉइसचा शत्रू कोण, हे मला अजून कळलेलं नाही. गाद्यांच्या दुकानाचा मालक असेल. पण चर्चमधल्या बाप्यांना ते पटलं. पास्टर व्हिटलॉकनी आपलं रिव्हॉल्वर आणून दिलं, न्हावी डेल्बर्टने दिलं, आणि सगळ्यांची रिव्हॉल्वरं जस्ताच्या बादलीच्या रंगाची होऊन परत गेली. रविवारी प्रार्थनेनंतर पार्किंगमध्ये घोळका करून हे लोक एकमेकांच्या बादल्या बघत उभे राहायचे.

"काय फिनिश आलंय!" पास्टर म्हणायचे.

"कारखान्यातसुद्धा असं येत नाही," रॉइस म्हणायचा. ते मात्र खरं होतं.

मला हसू यायचं. डॅडींचं रिव्हॉल्वर त्याच्या हातात पडेपर्यंत यायचं.

डॅडी, ऑर्विल स्टॅम्पर, या काउंटीचे तीस वर्षं डेप्युटी शेरीफ होते. आधी त्यांच्याकडे निळसर काळं रिव्हॉल्वर होतं, ते घामाने गंजायचं. मी दहा वर्षांची असताना त्यांनी स्टेनलेसचं घेतलं, चार इंची नळीचं, अक्रोडाच्या मुठीचं. दर रविवारी चर्चहून आलं की ते गोळ्या काढून ठेवायचे, रिव्हॉल्वर मागच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ठेवायचे आणि आरामखुर्चीत झोपायचे. आई कोंबडी तळत असायची. त्या वर्तमानपत्रापाशी मी बसायचे. त्यांचा जुना बनियन फाडून केलेली चिंधी आणि डबीतलं पॉलिश. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते आवडायचं. आधी पॉलिश लावायचं, गोल गोल घासायचं, मग कोरडी चिंधी, आणि नळीवरची रेघ न् रेघ लांबीच्या दिशेनेच घासायची, आडवी घासली तर ओरखडे दिसतात. मी लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत गेले तरी रविवार चुकला नाही. नवरा गेला तरी नाही. इतक्या वर्षांच्या घासण्याने ते पोलाद असं झालं होतं की गोळ्या भरायच्या सिलिंडरमध्ये पाहून ओठांना लिपस्टिक लावावी.

कोर्टाच्या पायऱ्यांवर लोक डॅडींना म्हणायचे, "ऑर्विल, काय चमक आहे हो!"

डॅडी टोपी मागे सारून म्हणायचे, "निगा राखावी लागते."

कोण राखतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं त्यांना माहीतच नाही. माणूस झोपतो, उठतो, बंदूक चकचकीत असते. देवाची करणी समजत असतील.

नेमबाजीतही मी बरी आहे, बरी म्हणजे रॉइसपेक्षा बरी, पण ते म्हणजे काही मोठंसं झालं नाही. रॉइसने एकदा कुंपणावरचे डबे सोडून कुंपण मारलं होतं. तरी आपल्याला भाऊ नाही, आई गेल्यापासून डॅडींच्या औषधाच्या गोळ्या, जेवण, कपडे सगळं मी बघते, तेव्हा ते रिव्हॉल्वर आपल्याकडे येणार, हे मी मनाशी धरून बसले होते. मला त्यांचं घर नको होतं, ट्रक नको होता. तेवढं एक हवं होतं.

ऐंशीव्या वाढदिवसाला डॅडी सगळ्यांसमोर उठले. मी पीचचा 'पाय', तो फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, कापत होते. त्यांनी पट्ट्यासकट रिव्हॉल्वर काढलं आणि रॉइसच्या हातात दिलं.

"रिव्हॉल्वर पुरुषाच्या कमरेलाच शोभतं," ते म्हणाले. "मला मुलगा नाही. तूच माझा मुलगा."

रॉइसचे डोळे भरून आले. आयत्या बिळावर नागोबा कसा डोलतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. टाळ्या वाजल्या. मी पायचे तुकडे वाटले. रॉइसला सर्वांत जळका तुकडा दिला, पण तो इतका भारावला होता की त्याने तोही मिटक्या मारत खाल्ला.

पुढच्याच आठवड्यात जनेलचा फोन आला. "ग्लेंडा, तू चिडू नकोस हं."

चिडू नकोस म्हणून केलेला फोन आजवर कधी शांत व्हायला उपयोगी पडलाय? मी चप्पल घालून तशीच त्यांच्या गॅरेजमध्ये गेले. रॉइस ते हातात घेऊन उभा होता. राखाडी. मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखं.

"बघ!" तो म्हणाला. "नळीचं तोंड, सिलिंडरची भोकं, सगळी कानातल्या फोमच्या बोळ्यांनी बंद केली होती. आत एक मणी गेला नाही. लोक हेच चुकतात."

"ह्याला काय झालं होतं, रॉइस?"

"फार चमकत होतं ते."

"म्हणून?"

"म्हणून काय? दहा मिनिटांत काढली सगळी चमक. आणि मणीसुद्धा नवे घेतले नाहीत मी. कुळवाच्या पात्यांना वापरलेलेच जनेलच्या पिठाच्या चाळणीने चाळून घेतले. काटकसर!"

दारात उभी असलेली जनेल म्हणाली, "माझ्या चाळणीने?"

मी रिव्हॉल्वर हातात घेतलं. अंगठा फिरवला. खरखरीत लागलं. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली, आणि हे मी आजही लाजत नाही सांगायला. पण मनात म्हटलं, थांब, गड्या. डॅडींना बघू दे. तुझी बादली करतात की नाही बघ.

रविवारी जेवायला सगळे जमले. रॉइसने रिव्हॉल्वर रुमालात गुंडाळून आणलं होतं, नवरीसारखं. डॅडींनी चष्मा लावला. उलटसुलट केलं, सिलिंडर फिरवून पाहिला, नळीवर बोट फिरवलं. मी पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही ओतायची थांबले. आता फुटतील, आता फुटतील.

"झकास," डॅडी म्हणाले. "आता कसं हत्यारासारखं दिसतंय. इतकी वर्षं नुसता चांदीचा चमचा होता."

ग्रेव्ही टेबलक्लॉथवर सांडली. "अगं लक्ष कुठाय?" डॅडी म्हणाले.

मी फडकं आणायला आत गेले आणि बराच वेळ तिथेच सिंकला टेकून उभी राहिले. रडले नाही. असल्या लोकांसाठी रडायला माझ्याकडे पाणी जास्त झालेलं नाही.

मग ऑगस्ट आला. आमच्याकडच्या ऑगस्टमध्ये वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला निघतो. रॉइस मात्र चामड्याच्या म्यानात रिव्हॉल्वर घालून सगळीकडे मिरवत होता. गाद्यांच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, दाताच्या डॉक्टरकडे. चर्चच्या मासे तळायच्या जेवणालासुद्धा ते कमरेला. तिथे शेजारच्या गावचे दोन पाहुणे होते, त्यांना फिनिश दाखवायची हौस आली. त्याने गोळ्या काढल्या आणि रिव्हॉल्वर टेबलावर, कोबीच्या कोशिंबिरीच्या भांड्याशेजारी, मोठ्या थाटात ठेवलं.

त्यावर नारिंगी ठिपके होते. नळीवर, सिलिंडरवर, सगळीकडे. गोवर उठल्यासारखे.

"हे काय?" पाहुणा म्हणाला.

"केचप," रॉइस म्हणाला. "इथे सगळ्यांच्या हाताला केचप आहे."

मी पुढे झाले, ठिपक्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं. "गंज."

"स्टेनलेस गंजत नाही!" रॉइस ओरडला. "नावातच आहे ते!"

पास्टर व्हिटलॉक हळूच उठले आणि आपल्या गाडीकडे गेले. गाडीच्या खणातून काहीतरी काढून उन्हात धरून बघताना ते दिसले. चर्चच्या आवारात पास्टरच्या तोंडून जो शब्द निघू नये, तो निघाला. मग डेल्बर्ट आपल्या ट्रककडे धावला.

"रॉइस," डेल्बर्ट परत येत म्हणाला, "माझ्यापण बंदुकीने केचप खाल्लंय रे."

पाहुण्यांना मासे गिळता येईनात इतकं हसू फुटलं. कारण साधं होतं. कुळवाच्या गंजलेल्या लोखंडाचा भुगा त्या मण्यांत मिसळला होता, आणि रॉइसने तो ठोकून ठोकून चांगल्या पोलादात बसवला होता. मण्यांच्या गोणीवर हे मोठ्या लाल अक्षरांत छापलेलं होतं, की लोखंडाला वापरलेले मणी स्टेनलेसला वापरू नका. ती गोणी रॉइस पेटीपुढे बसायला उशी म्हणून वापरत होता. एवढं ज्ञान बुडाखाली घेऊन माणूस इतका कोरडा कसा राहतो, हे देवच जाणे.

मला आनंद झाला का? झाला. चांगला दोन दिवस झाला. चर्चहून घरी येताना मी गाडीत गाणीसुद्धा म्हटली.

बुधवारी सकाळी मी नेहमीसारखी डॅडींकडे गेले. त्यांची अंडी तळली, औषधाच्या गोळ्या काढून ठेवल्या, आणि वळून पाहते तर रॉइस आणि जनेल दारात. रॉइसच्या हातात रिव्हॉल्वर. तेल चोळून, तारेच्या ब्रशने घासून त्याने त्याची आणखी दैना केली होती. डॅडींनी टेबलावरची बशी बाजूला केली, वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर ते ठेवून माझ्याकडे सरकवलं.

"ग्लेंडा, रॉइसचं रिव्हॉल्वर जरा नीट करून दे. तू करायचीस तसं."

मी उलथनं खाली ठेवलं. "मी करायचे तसं?"

"रविवारी. व्हरांड्यात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय! मी झोपायचो, आंधळा नव्हतो." डॅडींनी अंड्याचा घास घेतला. "तुझ्याइतकं कुणी घासलं नसतं. आईलापण म्हणायचो मी, पोरीचा हात चांगला आहे."

पन्नास वर्षांत हे वाक्य माझ्यापर्यंत आलं नव्हतं. आलं तेव्हा रॉइसच्या कामासाठी आलं.

"मग त्याला कसं दिलंत?" मी विचारलं. "त्याला का, डॅडी? मला का नाही?"

डॅडींना खरोखरच प्रश्न कळला नाही. मी वेड्यासारखं काही विचारलंय, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं, ते कुणाच्याही कमरेला असलं तरी पुसणार तूच होतीस ना," ते म्हणाले. "म्हणून तर निर्धास्त दिलं मी."

रॉइस मान हलवत म्हणाला, "हो ना, ग्लेंडा, घाई नाही. रविवारपर्यंत झालं तरी चालेल."

जनेलने त्याला कोपर मारलं. उशिरा मारलं, लग्नानंतर तेवीस वर्षं उशिरा, पण मारलं.

मी गॅस बंद केला. हात पुसले. ते रिव्हॉल्वर माझ्यासमोर होतं, आणि खरं सांगते, माझा हात त्याच्याकडे गेलाच होता. ते गंजलेलं बघवत नव्हतं मला. तो हात मी मागे घेतला, तसा आयुष्यात कधी घेतला नव्हता.

"पुरुषाच्या कमरेची वस्तू आहे ती," मी म्हटलं. "गंजही पुरुषानेच काढावा."

"हे काय बोलणं झालं?" डॅडी म्हणाले. "ग्लेंडा? कुठे चाललीस?"

मी पर्स खांद्याला लावली आणि जाळीचं दार ढकललं.

"अगं, माझी कॉफी?" मागून डॅडी म्हणाले.

"रॉइस आहे ना," मी म्हटलं.