आयव्हरीनने ओढलेला सूर

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या चकाकीला भुलू नका. मी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरातला एक म्हातारा ट्रॉम्बोन आहे, नळी पुढेमागे सरकवत फुंकायचं पितळी वाद्य. मला घडवणाऱ्या कारागिराने माझी नळी इतकी गुळगुळीत घोटली होती, की बोट लावताच ती पुढे सरकायची.

ऐन उमेदीत मी क्लिफ्टनच्या बँडमध्ये होतो; आम्ही स्का, म्हणजे जमैकाचं नाचरं संगीत, वाजवत असू. मोटारीच्या कारखान्यात राबून आलेली माणसं शनिवारी आमच्या क्लबात घामाघूम होईतो नाचत. शेवटच्या गाण्यात क्लिफ्टन माझी नळी सर्रकन लोकांच्या दिशेने पुढे सोडी, एक लांब सूर घरंगळत जाई आणि त्याची बायको आयव्हरीन वाकून नळीखालून पलीकडे निघे. मग टाळ्याच टाळ्या! त्यातल्या निम्म्या माझ्या, असं मी खुशाल समजत असे.

पुढे बँड मोडला. मी पलंगाखाली गेलो, आयव्हरीन गुडघ्यांपायी खुर्चीत अडकली. आमची दोघांची आठवण कुणाला राहिली नाही, याचं मला फार वाईट वाटे.

यंदा जुन्या मंडळींनी पुन्हा कार्यक्रम ठरवला. क्लिफ्टनने पितळेचं पॉलिश आणून मला आठवडाभर घासलं.

"आतून धुतलास का रे त्याला?" आयव्हरीनने विचारलं.

"तू आपले नाचायचे बूट शोध!"

आतून काही त्याने धुतलं नाही. उलट ते पॉलिशच नळीत शिरून चिकटलं.

क्लब गच्च भरला. गिटार ठोक्यांच्या मधल्या फटीत टिचकू लागली, पोरंटोरं गुडघे उचलून नाचू लागली आणि मला भरून आलं. नळी जड होत चालली होती, तरी छोट्या सुरांवर मी निभावून नेलं. शेवटचं गाणं लागलं. आयव्हरीन काठी टेकत आली आणि आपल्या जुन्या जागी उभी राहिली. क्लिफ्टनने हिसका दिला, पण नळी हलेना. त्याचा चेहरा पडला.

"अडकलीय गं."

"नुसतं वरवर नटवलंस ना! फुंक तू, मी ओढते."

काठी शेजारी उभ्या बाईच्या हातात देऊन तिने नळी दोन्ही हातांनी धरली आणि पाऊल पाऊल मागे सरकली. सूर घरघरत, अडखळत निघाला खरा, पण लांबलचक निघाला. क्लब दणाणून गेला.

मग ती वाकायला गेली. गुडघे ऐकेनात. क्लिफ्टनने मला उंच उचललं आणि आयव्हरीन ताठ मानेने माझ्याखालून पलीकडे गेली.

मित्रांनो, आम्हाला नुसतं बाहेरून पुसू नका, आतही फडकं फिरवा, तेलाचे चार थेंब सोडा. आणि कुणाला वाकणं जमत नसेल, तर आम्हाला जरा उंच धरा.