पिपाण्या मीच वाटल्या

“चाचा, काहीतरी करा नं! लोकं शिव्या देऊन राह्यले.”

मध्यंतराची शिट्टी झाली आणि हसनैन मोबाईल नाचवत माझ्या साउंडच्या मशीनपाशी धावत आला. आसेगाव विरुद्ध मानोरा, फुटबॉलचा अंतिम सामना, आणि यंदा पहिल्यांदाच तो लोकांना घरबसल्या मोबाईलवर दिसत होता. व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘मॅच आहे का वरात?’ मैदानाभोवती दोनशे पोट्टे हातभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या पिपाण्या फुंकत होते. हसनैनची कॉमेंट्री त्यात पार बुडाली होती.

“कोनं वाटल्या असतीन ह्या पिपाण्या?” तो म्हणाला.

मी वाटल्या होत्या. जत्रेतली उरलेली दोन पोती, सकाळीच, फुकट.

जळलो होतो मी. खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं या मैदानावर माइक माझ्या हातात होता. गोल झाला की हा दिलावर असा ओरडायचा की बैल दावं तोडायचे. आणि यंदा कमिटीचे उकंडराव म्हणाले, “दिलावरभाऊ, तुमी मशीन सांभाळा. माइकवर हसनैन बोलन. पोट्ट्याचा आवाज मोठा गोड हाये.” गोड म्हणे! माइक कसा धरायचा ते ज्याला मी शिकवलं, त्याचा आवाज गोड. त्यात माझी बायको नजमुन्निसा सकाळपासून मोबाईल चार्ज करून बसलेली. “हसनैन काय मस्त बोलते हो,” हे तिनं मला चहा देता देता सांगितलं. तो चहा मी तसाच ठेवला.

“अख्ख्या जिल्ह्यात माही हसाई होईन, चाचा,” हसनैन म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. “तुमीच बोला मंग. घ्या माइक.”

त्यानं खरंच माइक पुढे केला. अल्लाची कसम, हात गेला माझा. पण घेऊन मी तरी काय दिवे लावणार होतो? त्या गोंगाटात माझाही आवाज बुडालाच असता.

“ठेव तुह्यापाशीच,” मी खेकसलो. “अन् तोंडाजवळ धर. किती डाव सांगतलं तुले!”

पिपाणी एकाच सुरात रडते, माणसाचा आवाज वरखाली होतो. मोबाईलवर जाणारा आवाज ऐकायला मी हेडफोन लावला आणि मशीनवरची एकेका सुराची दांडी खाली ओढत पिपाणीचा सूर शोधला. सापडला. शेजारच्या आणखी दोन दांड्या दाबल्या. मोबाईलमध्ये पिपाण्या दूर गेल्या, आणि हसनैनचा आवाज लख्ख यायला लागला. गोड होता हो मेल्याचा. माझ्यापेक्षा गोड.

सामना पुन्हा सुरू झाला, पोट्टे जरा दम खात होते, तसा तो भोंग्यावर पहिलंच वाक्य बोलला, “मंडळी, मोबाईलवरचा आवाज साफ केला आमचे उस्ताद दिलावरचाचांनी! त्यांच्यासाठी एकदा होऊन जाऊ द्या!”

अख्ख्या मैदानानं पिपाण्या फुंकल्या. दोनशेच्या दोनशे, माझ्यासाठी. उकंडरावसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. बावीस वर्षांत माझ्यासाठी कोणी काही वाजवलं नव्हतं.

मी हेडफोन कानावर घट्ट दाबून पाहिला. आत नुसती बारीक भुणभुण. म्हणजे घरी नजमुन्निसाला माझं नाव तेवढं ऐकू गेलं असणार, आणि पुढे काहीच नाही.

दांड्या माझ्या बोटांखालीच होत्या. जराशा वर केल्या असत्या तर तिनंही ऐकलं असतं. पण हसनैन बोलत होता, मानोऱ्याचे पोट्टे चेंडू घेऊन गोलाकडे धावत होते. मी दांड्या तशाच खाली धरून ठेवल्या.