सातव्या रिळातला जिना

खिडकीच्या गजांमागून येणारा एक हात, बोटांना तिकिटांची गुलाबी शाई.
पावडरची डबी.
जमिनीवर लोळणारा रेशमी झगा.
कातरी.
"वळली का हो?"

मित्रांनो, हा पसारा माझाच आहे. मी चित्रपटाचे एक जुने रीळ आहे, सातवे. आधीच्या सहांत गाणी, भांडणे आणि एक खून आहे. माझ्यात फक्त एक जिना आहे. नायिका रेशमी झगा लोळवत तो चढते, वरच्या पायरीवर थांबते आणि खाली राहिलेल्या नायकाकडे मागे वळून पाहते. एवढ्यासाठी लोक सहा रिळे सोसत.

माझा जन्म अंधाऱ्या खोलीत, रसायनाच्या टाकीत झाला. अंगावर ओळीने इवली इवली चित्रे उमटली, प्रत्येकात नायिका जराशी हललेली. अशी चोवीस चित्रे दिव्यासमोरून सरकली की एक सेकंद होतो. तिचे वळणे जेमतेम चार सेकंदांचे. तेवढ्या भांडवलावर मी गावोगाव मिरवले.

एका थिएटरात मी पुनःपुन्हा जाई. तिथे तिकिटे देणाऱ्या बाईला सगळे 'खिडकी' म्हणत. उशिरा येणारे संपले की तिची सुटका होई, आणि ती धावत आत येई तेव्हा पडद्यावर मीच असे. खून कोणी केला हे तिला कधीच कळले नाही. तिला त्याचे काही नव्हतेही. ती दाराशी उभी राही. नायिका वळली की तिचीही मान नकळत वळे. कानावरची बटसुद्धा तिने तशीच मुडपली होती.

"काय खिडकी, आज किती पायऱ्या चढलात?" डोअरकीपर चिडवी.

"खाली तुम्ही उभे, मग माणसानं वर जाऊ नये तर काय करावं?"

मशीन चालवणाऱ्या मास्तरांना मात्र तिच्यासमोर शब्द सुचत नसे. म्हणून एकदा त्यांनी कातरी घेतली, त्या वळण्यातली वीतभर पट्टी कापली आणि माझी टोके चिकटवून टाकली.

"उजेडात धरून पाहा," ते तिला म्हणाले.

तिने पट्टी आभाळासमोर धरली. "अगं बाई. ही मला?"

"तुम्हालाच."

पट्टी पावडरच्या डबीत गेली. मी पुन्हा आले तेव्हा आणखी एक गेली. मग दर खेपेला. मला दुखे. पण तो माणूस कापताना असा हसे की, मित्रांनो, मी गप्प बसे.

वर्षे गेली. एका संध्याकाळी ती नेहमीसारखी दाराशी येऊन उभी राहिली. नायिका जिना चढली, थांबली, आणि वळण्याआधीच पडद्यावरचे दार बंद झाले. खेळ सुटल्यावर ती वर मशीनच्या खोलीत आली.

"मास्तर, वळली का हो? का माझंच लक्ष नव्हतं?"

मास्तर दिव्याची काच पुसत राहिले.

"आता वळत नाही ती," शेवटी ते म्हणाले. "तुमच्याकडे आहे सगळी."

ती स्टुलावर बसली. "परवा मी लेकाकडे चाललेय, कायमची. म्हटलं, जाण्याआधी एकदा डोळे भरून बघावं. आणि तुम्ही... अहो, एक दिली होतीत तेवढी पुरली असती मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबी घेऊन आली.

"खिडकीवर कोण?" मास्तरांनी विचारले.

"डोअरकीपर. रांगेचं देव भलं करो."

पट्ट्या वेटोळ्या झाल्या होत्या, रंग विटला होता. कुठली आधी, कुठली नंतर हे मास्तरांना उमगेना. ती एकेक उजेडात धरून सांगू लागली. "ही आधी. इथे डूल गालाला टेकलाय. इथे सुटलाय. ही शेवटची, इथे ती हसणार होती आणि हसली नाही." मास्तर जोडत गेले. माझ्या अंगाला पावडरचा वास लागला.

दुपारच्या खेळाला ती खाली गेली नाही. वरच्या खोलीतल्या चौकोनी भोकाला डोळा लावून उभी राहिली. नायिका जिना चढली, थांबली आणि वळली. अडखळत, उचक्या देत, मध्येच फिकी होत, पण वळली. खाली कोणी हसले, कोणी शिट्टी मारली. बाईंनी भोकावरून डोळा काढला नाही. आणि मास्तरांनी भोकाकडे पाहिलेच नाही. ते बाईंकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर दुसरा हात होता.

आता माझ्या जातीची मशिनेच उरलेली नाहीत. मी डब्यात पडून आहे, अंगाला आंबूस वास येतो. मित्रांनो, माझ्यासारखे कोणी सापडले तर त्याला कोरड्या, थंड जागी ठेवा, अधूनमधून झाकण उघडून वारा द्या. आणि जे फार आवडते त्याचा तुकडा कापून कोणाला देऊ नका, प्रेमाने तर नकोच. ते अख्खे असतानाच त्या माणसाला शेजारी बसवून दाखवा.

त्या जिन्याचे चित्रीकरण झाले त्या दिवशी नायक आलाच नव्हता. ती वळून पाहते तिथे एक रिकामी खुर्ची ठेवलेली होती.